खेड्यात इनलाइन स्केटिंग सुरू करताना: आधी जागा, मग बूट, चाकं शेवटी

स्केट आधी घ्यायचे आणि चालवायचे कुठे ते नंतर बघायचं, या क्रमामुळे विदर्भातल्या खेड्यापाड्यांत कितीतरी जोड्या माळ्यावर जाऊन पडतात. पोरगं हौसेने दोन दिवस अंगणात उभं राहतं, बाहेरच्या गिट्टीवर एकदा सणकून आपटतं आणि खेळ तिथेच संपतो. मोठ्या शहरात रिंक असते, शिकवणारा असतो, दुकानात बूट घालून बघता येतो. आर्वी, दारव्हा, मोर्शी, मूल अशा तालुक्याच्या गावात आणि त्याहून आतल्या खेड्यांत हे सगळं आपल्यालाच जमवावं लागतं. ते जमतं, आणि चाळिशीच्या माणसालाही जमतं. फक्त क्रम नीट धरायला हवा.

शाळांच्या कार्यक्रमात दिसतात ते पुढे दोन आणि मागे दोन चाकांचे क्वाड. इनलाइनमध्ये तीन किंवा चार चाकं एका ओळीत असतात. आपल्याकडच्या जमिनीवर इनलाइनच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. क्वाडचं चाक साधारण ६० मिमीच्या आसपास असतं. गिट्टीचा बारीकसा खडा आडवा आला तरी ते जागीच अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. इनलाइनचं ८० मिमीचं चाक त्याच खड्यावरून पुष्कळदा निघून जातं. तोल सांभाळायला इनलाइन अवघड असतील ही भीती घोटा नीट धरणारा बूट घातला की फार टिकत नाही.

जागा कशी शोधायची

स्केट विकत घ्यायच्या आधी आठवडाभर गावात या नजरेने फिरा. हवी ती जागा सपाट, कोरडी, झाडता येणारी आणि गाडी-ढोरं न येणारी. पृष्ठभाग कळायला सोपी परीक्षा आहे. चप्पल काढून दहा पावलं चाला. तळव्यांना टोचलं तर चाकांनाही तिथे सुख नाही आणि थरथर थेट गुडघ्यापर्यंत येईल.

जिल्हा परिषदेच्या शाळेपुढचा सिमेंटचा पट्टा, कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट, समाजमंदिराचा हॉल या पहिल्या जागा. परवानगी मागताना हेडमास्तरांना एक गोष्ट आधीच सांगून टाका: चांगली चाकं फरशीवर ओरखडे पाडत नाहीत, पण मागच्या ब्रेकच्या रबराचा काळा डाग उमटू शकतो. हॉलमध्ये ब्रेकचा सराव करायचा नाही एवढं पाळलं तर कुणाची तक्रार येत नाही. गुळगुळीत फरशीवर धूळ असली की चाक सटकतं, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे बाजार समितीचं लिलावाचं शेड. वर छप्पर, खाली कोबा, आणि लिलाव नसेल त्या दिवशी सगळं मोकळं. सचिवांना भेटून, लेखी अर्ज देऊन ते मिळवता येतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, ओट्याची कड. शेड जमिनीपासून उंच असतं, शिकाऊ माणसाला थांबता येत नसतं, म्हणून कडेपासून चार-पाच हात आत भरलेल्या पोत्यांची रांग लावा. दुसरी, दाणे. सोयाबीनचा वाळलेला दाणा टणक आणि गोल असतो. चाकाखाली आला की तो दबत नाही, चाकाबरोबर फिरतो आणि पाय बाजूला सरकवतो. हरभऱ्याचंही तसंच. वरवर झाडू फिरवून भागत नाही. कोब्याच्या सांध्यांत बसलेले दाणे खराट्याच्या टोकाने उकरून काढावे लागतात, नाहीतर चाकांच्या धक्क्याने तेच पुन्हा वर येतात.

जिनिंगचं आवार हीसुद्धा मोठी जागा. हंगाम उतरल्यावर उन्हाळ्याच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत बरीच आवारं रिकामी असतात. मालक ओळखीचे असतील तर विचारून बघा. तिथला त्रास धुरळ्याचा नाही, कापसाच्या तंतूंचा आहे. ते चाकाच्या दोन्ही बाजूंनी आसावर गुंडाळले जातात, त्यांचा घट्ट काळा पीळ तयार होतो आणि चाक जड फिरायला लागतं. प्रत्येक वेळी स्केट उतरवल्यावर चाकं बोटाने फिरवून बघायची आणि तंतू चिमट्याने ओढून काढायचे.

गावातला सिमेंट रस्ता चालतो, पण सांधे बघा. आडवा सांधा त्रास देत नाही. प्रवासाच्या दिशेने लांब गेलेली भेग वाईट, कारण एका ओळीतली सगळी चाकं तिच्यात उतरतात आणि पाय अडकतो. अशी भेग तिरकी नव्हे, सरळ काटकोनात ओलांडावी. पेव्हर ब्लॉक शिकण्यासाठी बादच समजा. डांबरी रस्ता नवा आणि बारीक खडीचा असेल तर उत्तम, वर चुरी टाकलेला असेल तर नको. सोयाबीन-तुरीच्या दिवसांत लोक रस्त्यावरच खळं करतात, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांतून काळ्या मातीचे गोळे पडतात आणि वाळून दगड होतात. नाल्यावरचा रपटा तर शिकाऊ माणसाने टाळायचाच. दोन्ही बाजूंनी उतार, तळाशी वाळू आणि शेवाळ. समृद्धी महामार्ग गुळगुळीत दिसतो म्हणून पोरांना मोह होतो. तिथे पायी माणसाला आणि दुचाकीलाही बंदी आहे, तेव्हा त्याचा विचारही नको.

हवेचं म्हणाल तर दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ शिकायला सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी डांबर पाघळतं आणि चाकांना चिकटतं. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत आटोपायचं. ओल्या जमिनीवर स्केटिंग करायचंच नाही.

बूट: पैसे इथे घाला

पहिल्या स्केटमध्ये बूट हीच मुख्य वस्तू आहे. चाकं झिजतात आणि बदलता येतात, बेअरिंग बदलता येतात, ब्रेकचं रबर बदलता येतं. बूट बदलता येत नाही.

दुकानात जोडी हातात आली की घोट्याभोवतीची वरची कॉलर दोन्ही बाजूंनी हाताने दाबा. सहज दुमडली तर ती जोडी ठेवून द्या. असल्या बुटात पाय आतल्या बाजूला कलंडतात, पोरगं वाकड्या पायांनी उभं राहतं आणि घरचे म्हणतात याच्या पायातच जोर नाही. कॉलर कडक प्लास्टिकची, आतलं अस्तर जाड आणि घोट्याजवळ पक्का बकल, एवढं हवंच. मग स्केट डोळ्यांसमोर धरून मागून बघा: चाकं बुटाच्या बरोबर मध्याखाली, एका रेषेत दिसली पाहिजेत.

माप घ्यायची रीत अशी. संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. जे मोजे घालणार तेच घालून, कागदावर टाच भिंतीला टेकवून उभं राहायचं. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलने खूण करायची. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठं माप धरायचं. नंबर कंपनीगणिक बदलतो, सेंटीमीटर बदलत नाहीत, म्हणून कोष्टकात सेंटीमीटरचा रकाना बघा. मोजे बुटाच्या कॉलरपेक्षा उंच हवेत, नाहीतर नडगीला फोड येतो.

आता बूट घाला. टाच जमिनीवर ठोकून मागे बसवा, मग नाडी, मग मधला पट्टा, शेवटी वरचं बकल. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकेच टेकला पाहिजे. गुडघे वाकवून पुढे झुकलं की तो किंचित मागे सरकला पाहिजे आणि टाच जागची उठता कामा नये. हे तिन्ही झालं म्हणजे माप बरोबर. दहा मिनिटं तसंच घालून बसा. एकाच जागी रुतल्यासारखं दुखायला लागलं तर तो बूट तुमच्या पायाचा नाही.

आपल्याकडे बरीच माणसं जन्मभर चपला घालून किंवा अनवाणी वावरात राबलेली. असा पाय पुढून पसरट होतो. लांबी बरोबर असूनही करंगळीपाशी आवळणारा बूट त्यांना फार लवकर नकोसा होतो. अशा वेळी नंबर वाढवू नका, दुसरा नमुना बघा. नंबर वाढवला की टाच सैल होते.

आणि मुलांसाठी तो नेहमीचा सल्ला मिळेलच: “घेऊन टाका न भाऊ एक नंबर मोठा, पोरगं काय वाढणार नाही का!” शाळेच्या बुटाला हे चालतं, स्केटला नाही. सैल बुटात घोटा आतल्या आत फिरतो. वाढत्या मुलांसाठी लांबी कमीजास्त होणारे स्केट मिळतात, एक जोडी तीन-चार नंबरांपर्यंत पुरते. ते घ्यावेत, आणि घेताना मुलाचा पाय त्या पल्ल्याच्या सुरुवातीला बसतोय ना ते बघावं.

हजार-बाराशेत मिळणारे, चाकांत दिवे लागणारे स्केट बहुधा खेळणं असतात. त्यांची चाकं कडक प्लास्टिकची असतात, कोब्यावर खडखडतात आणि वळताना सटकतात. मोठ्या माणसासाठी नीट बूट साधारण चार ते सात हजारांत येतो. नागपूरला डेकॅथलॉनचं दालन आहे, तिथे त्यांच्याच ऑक्सेलो ब्रँडचे स्केट घालून बघता येतात. सीताबर्डीकडच्या खेळाच्या दुकानांतही चक्कर मारावी. एक दिवस एसटीने जाऊन यायचे पैसे चुकीच्या मापापेक्षा स्वस्त पडतात. ऑनलाइनच मागवायचे असतील तर आपल्या पिनकोडवरून वस्तू परत नेतात का ते आधी बघा, आणि पार्सल आलं की सतरंजीवर घालून तपासा. चाकांना माती लागली की परत घेताना कटकट होते.

चाकं आणि बेअरिंग

याबद्दल जाहिराती खूप बोलतात, सुरुवातीला लागतं ते थोडंच. चाकावर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ८० मिमी आणि ८२ए. पहिला व्यास, दुसरा कडकपणा. मोठ्यांना ८० किंवा ८४ मिमी, लहान मुलांना ७० ते ७६ च्या आसपास. खरबरीत जमिनीसाठी ७८ए ते ८२ए मधलं जरा मऊ चाक बरं, थरथर कमी होते. चाक पॉलियुरेथेनचं, म्हणजे पीयू, हे विचारून घ्या. ११० मिमीची तीन चाकं दिसायला झकास, पण उंच असतात, पहिल्या जोडीत नकोत.

बेअरिंगवर एबेक ५, ७, ९ असे आकडे असतात. ते बेअरिंग किती काटेकोर मापात घडवलंय एवढंच सांगतात. पोलाद कसलं, धूळ आत जाते की नाही, हे त्यातून कळत नाही. दुकानदाराने चाक फिरवून ‘बघा किती वेळ फिरतंय’ म्हटलं तर भुलू नका, अंगाचं वजन पडल्यावरचं फिरणं वेगळं असतं. आपल्या भागात काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, त्यामुळे धूळ रोखणारं झाकण जास्त मोलाचं.

हांगझोऊच्या आशियाई खेळांत २ ऑक्टोबर २०२३ रोजी स्पीड स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेमध्ये भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी कांस्यपदक जिंकलं. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमध्ये तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार १००० मीटरचा जगज्जेता झाला. त्यांचे व्हिडिओ मुलांना जरूर दाखवा. मात्र त्यांच्या पायातले स्केट घोट्याखाली संपणारे आणि बिनब्रेकचे असतात. मुलं तसलेच मागतात. पहिल्या जोडीला घोटा झाकणारा बूट आणि टाचेला ब्रेक हवाच.

अंगावर काय हवं

हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड. पैसे कमी पडत असतील तर चाकांचा मोह सोडा, पण यातलं काही सोडू नका. स्केटिंगमध्ये सर्वाधिक दुखापत मनगटाला होते, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला कडक पट्टी असावी, नुसतं कापड नको. हेल्मेट सायकलचं किंवा स्केटिंगचं, भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीचा पट्टा आवळलेला. मोटरसायकलचं हेल्मेट जड होतं आणि मागचा आवाज ऐकू येत नाही. ओढणी, पायघोळ सलवार टाळून ट्रॅक पँट घालावी. आयाबायांनी लाज बाळगू नये, समाजमंदिराचं दार लावून शिकायला सुरुवात केली तरी चालतं.

खरचटलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने माती पूर्ण धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा. मनगट सुजलं असेल तर तेल लावून मालिश करू नका आणि हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. लाकडी पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार बांधून एक्स-रे काढायला न्या. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी आली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

पहिले धडे

पहिल्या दिवशी चाकं फिरवायचीच नाहीत. गवतावर किंवा जाड सतरंजीवर स्केट घाला. पडायला शिका: गुडघे वाकवून खाली व्हायचं, मग पुढे, आधी गुडघ्यांचे पॅड, मग कोपर, शेवटी तळहात, बोटं वर उचललेली. मागे पडणं धोक्याचं. तोल जातोय असं वाटलं की ताठ व्हायचं नाही, खाली बसत जायचं. उठताना दोन्ही गुडघ्यांवर या, एक पाय उचलून चाकं जमिनीवर टेकवा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर ठेवा आणि जोर देऊन उभे राहा. हे न चुकता जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

उभं राहण्याची ढब पुढच्या सगळ्याचा पाया आहे. टाचा जवळ, पंजे बाहेर उघडलेले, गुडघे इतके वाकलेले की नडगी बुटाच्या जिभेला दाबते. हात पुढे, नजर समोर. पायांकडे बघितलं की डोकं झुकतं आणि त्यामागून माणूस जातो. याच ढबीत गवतावर बदकाच्या चालीने पाच-सात फेऱ्या मारा. मग तेच कोब्यावर. तीन-चार छोटी पावलं टाकली की दोन्ही पाय समांतर करा, स्केट आपोआप सरकेल. शिकवणाऱ्याने हात धरून ओढू नये. शिकणाऱ्याने हवं तर त्याच्या मनगटाचा आधार घ्यावा.

सरकणं जमलं की लगेच थांबणं, वेग नंतर. टाचेच्या ब्रेकसाठी दोन्ही पाय समांतर सरकत असताना ब्रेकचा पाय, बहुधा उजवा, अर्धं पाऊल पुढे न्या. दोन्ही गुडघे वाकवा, खुर्चीवर बसतो तसं खाली व्हा आणि पुढच्या पायाचा पंजा उचला. रबर जमिनीला लागलं की टाच हळूहळू दाबा. बहुतेकांचं चुकतं ते इथे: वजन पुढच्या पायावर जातं आणि अंग वळतं. वजन मागच्या पायावर राहिलं की सरळ थांबाल. जमिनीवर खडूने रेघ ओढा आणि रोज त्या रेघेच्या आत थांबायचा सराव करा. दुसरी युक्ती, पाय फाकवून पंजे किंचित आत वळवायचे आणि टाचा बाहेर दाबायच्या. कमी वेगात पुरते.

त्यानंतर ढकलणं. चालताना आपण मागे ढकलतो, स्केटवर बाजूला ढकलायचं. एका पायावर पूर्ण वजन, नाक-गुडघा-पंजा एका रेषेत, दुसरा पाय बाजूला ढकलून पुन्हा जवळ. एका पायावर तीन मोजेपर्यंत सरकता आलं की तुम्ही शिकलात म्हणायला हरकत नाही. वळण्यासाठी पाय थोडे फाकवून, डावीकडे जायचं तर उजवा पाय जास्त दाबा. उतार, रहदारीचा रस्ता आणि कानात इअरफोन हे सगळं ब्रेक हुकमी लागेपर्यंत दूर ठेवा.

निगा

चाकं आतल्या कडेने जास्त झिजतात. कड तिरपी दिसली की पहिलं चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि प्रत्येकाची आतली बाजू बाहेर. बोल्ट बहुतेक वेळा ४ मिमीच्या ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, उघडतात. आवळताना चाक मोकळं फिरावं, पण हलवल्यावर खुळखुळू नये. घामाचं अस्तर सावलीत वाळवा, उन्हात ते आक्रसतं.

बेअरिंग पाण्याने धुऊ नका, गंजतात. कोरड्या फडक्याने पुसा. खोबरेल तेल घालू नका, थंडीत ते थिजतं आणि धूळ धरतं. शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. करकर आवाज येऊ लागला तर नवीनच टाका, आणि त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. स्केटचं बेअरिंग ६०८ या मापाचं असतं: आतून ८ मिमी, बाहेरून २२, रुंदी ७. हे माप बेअरिंगच्या दुकानांत नेहमीचं. ६०८-झेडझेडवर पत्र्याचं झाकण असतं, ६०८-२आरएसवर रबराचं. रबराचं किंचित जड फिरतं पण आपल्या धुळीत जास्त टिकतं, तेच घ्या. चार चाकांच्या जोडीला, प्रत्येक चाकात दोन धरून, एकूण १६ लागतात.